डावा, उजवा आणि काका

खोली मिळवण्यासाठी मला परीक्षा द्यावी लागली. तोंडी नव्हे, कानी.

२०१४ च्या डिसेंबरात तलासरी भागातल्या एका सरकारी गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून मी रुजू झाले. मी मूळची वाशीमकडची, इथे ओळखीचं कुणी नाही. दवाखान्यातले सगळ्यांत जुने पर्यवेक्षक पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, नरपडला आमच्या घरी वरची खोली रिकामी आहे. बायकोलाही सोबत होईल. पण खोली बघायच्या आधी तुम्हाला एक गोष्ट ऐकावी लागेल."

मला वाटलं, अटी सांगतील. पाहुणे, पाण्याची वेळ, वगैरे. रविवारी गेले तर त्यांनी मला जिन्याकडे नेलंच नाही. अंगणात एक काळी, अवजड, विलायती मोटारसायकल उभी होती. डहाणूच्या एका इराणी बागवाल्याकडून त्यांनी ती तरुणपणी घेतली होती. त्यांनी पेट्रोलचा नळ सोडला, कार्ब्युरेटरला बोटाने दोनदा गुदगुल्या केल्यासारखं केलं आणि सगळा भार टाकून किक मारली. तिसऱ्या किकला अंगण हाललं. ओट्यावरचं मांजर उठून शेजारच्या चिकूच्या वाडीत निघून गेलं. सवयीने, घाई न करता.

"काय ऐकू येतं?" ते ओरडले.

"गाडी!" मी ओरडले.

"गाडी हो! पण किती जण?"

मी घाबरून म्हटलं, "दोन?"

त्यांनी इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं पुढे कधी मी एखादं अवघड वासरू जिवंत बाहेर काढलं तेव्हाही पाहिलं नाही. "खोली तुमची. तुमच्या आधी तिघे आले. एक म्हणाला, धडधड. दुसरा म्हणाला, त्रास होईल. तिसरा मास्तर होता, तो म्हणाला, काका, कान तपासून घ्या. दोन कुणी म्हणालं नाही."

खरं सांगायचं तर मला दोन ऐकू आले नव्हते. मला दोन सायलेन्सर दिसले होते.

अशा रीतीने ऑफिसात मी त्यांची साहेब झाले आणि घरी ते माझे घरमालक. ऑफिसात ते मला 'मॅडम' म्हणत, घरी 'पोरी'. मी दोन्हीकडे काकाच म्हणायचे. आणि मधल्या रस्त्यावर, नरपड ते बोर्डी आणि बोर्डीवरून तलासरी, पाऊण तास मी मागच्या सीटवरची श्रोती होते. ते हँडल धरून पुढे बघत बोलत राहायचे. मला त्यातलं काहीही ऐकू यायचं नाही. मी मान हलवायचे, आणि ती त्यांना दिसायची नाही. या व्यवस्थेवर आमची साडेचार वर्षं अतिशय चांगली गेली.

त्या इंजिनात दोन सिलिंडर होते, एकमेकांना खेटून. काकांच्या लेखी ती दोन माणसं होती. "डावा मेहनती आहे, पण करून दाखवतो आणि बोलूनही दाखवतो. उजवा गुपचूप काम करतो. म्हणून उजव्यावर लक्ष ठेवायचं." आवाजांच्याही त्यांनी जाती पाडल्या होत्या. टॅपेटची, म्हणजे इंजिनाच्या झडपांची, जी सतत टकटक चालते, ती 'सासूबाई'. ती आहे म्हणजे घर चालू आहे, तिकडे लक्ष द्यायचं नाही. जो आवाज अचानक येतो, चार दिवस राहतो आणि न सांगता जातो, तो 'पाहुणा'. त्याला 'कधी जाणार' असं विचारायचं नाही. गोंगाट हा शब्द त्यांना आपल्या गाडीबद्दल अजिबात चालत नसे.

"गोंगाट वेगळा आणि आवाज वेगळा, पोरी," ते मला म्हणाले होते.

"काय फरक?"

"गोंगाट दुसऱ्याच्या गाडीचा असतो."

सकाळी सात वाजता ते गाडी 'उठवत'. दहा मिनिटं ती माझ्या खिडकीखाली नुसती चालू राहायची. आईचा वाशीमहून फोन आला की ती विचारायची, "घराखाली पिठाची गिरणी आहे का गं?" मी सुरुवातीला खरं सांगितलं. मग तिची काळजी वाढायला लागली म्हणून गिरणी आहे असंच सांगितलं.

काकूंनी मात्र या आवाजाचा संसाराला उपयोग करून घेतला होता. स्वयंपाकघरातल्या फळीवर पेले एका बाजूला आणि ताटं दुसऱ्या बाजूला असत. इंजिन मंद चाललं की पेले किणकिणत. त्या चहा टाकत. रेस वाढली की ताटं वाजत. त्या डबा भरून ओट्यावर आणून ठेवत. मी एकदा गमतीने म्हटलं, "काकू, ही तुमची सवतच म्हणायची." त्या कोळंबी सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सवत असती तर कधीतरी माहेरी गेली असती."

काकांचा असा ठाम समज होता की दोन सिलिंडरच्या ठोक्याने जनावर शांत होतं. त्यामुळे गाय अडली असली की ते गाडी गोठ्याच्या दाराशी उभी करून चालूच ठेवत आणि मग आत जाऊन गाईच्या कानाशी इतक्या हलक्या आवाजात बोलत, की तेवढ्या मऊपणे मी त्यांना काकूंशी बोलतानाही ऐकलं नाही. गाय खरोखर शांत उभी राहायची. ती शांत व्हायची की सुन्न व्हायची, हे पाच वर्षं पशुवैद्यक शिकूनही मला सांगता आलं नसतं.

एकदा दवाखान्याचा स्टेथोस्कोप मला काळ्या तेलाने माखलेला सापडला. चौकशीची गरज नव्हती. साहेब म्हणून मी त्यांना लेखी समज दिली. त्यांनी ती गंभीरपणे वाचली, आवक रजिस्टरात स्वतःच नोंदवली, आणि संध्याकाळी जेवताना काकूंना म्हणाले, "आपली पोरगी ऑफिसात फार कडक आहे हं. चांगलं आहे."

"पण तुम्ही इंजिनाला स्टेथोस्कोप लावलाच कशाला?" मी विचारलं.

"उजवा दोन दिवस गप्प होता."

आता मला एक कबुली द्यायची आहे.

२०१६ च्या हिवाळ्यात त्यांच्या गाडीत नवा आवाज आला. टिण्. बारीक, धातूचा, अनियमित. आणि त्याची एक चमत्कारिक सवय होती: तलासरीला जाताना तो यायचा नाही, परतताना यायचा. काका चार दिवस त्याला पाहुणा म्हणाले. पाचव्या दिवशी त्यांची झोप उडाली. "जाताना नाही, येताना आहे," ते ताटावर बसून बोटं मोडत विचार करायचे. "म्हणजे समुद्राकडे तोंड केलं की येतो. खाऱ्या हवेचा आहे." त्यांनी डहाणूच्या दोन गॅरेजवाल्यांना मागे बसवून फिरवलं. टिण् आला नाही. त्यांनी त्या दोघांना बहिरं ठरवलं. शेवटी एका शनिवारी त्यांनी अंगणात जुनं धोतर अंथरलं आणि इंजिन उतरवलं.

दहाव्या दिवशी, बसमध्ये, मला तो आवाज पुन्हा आला. टिण्. माझ्या मांडीवरच्या पिशवीतून. रिकामा स्टीलचा डबा, आणि त्यात चमचा. सकाळी डब्यात भात असायचा, तेव्हा चमचा रुतून बसायचा. संध्याकाळी डबा रिकामा.

घरी आले तेव्हा काका धोतरावर मांडलेले सुटे भाग रॉकेलने एकेक करून पुसत होते. डावा पिस्टन डावीकडे, उजवा उजवीकडे. मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि काकूंना सगळं सांगितलं. काकूंनी खिडकी पुरती उघडली. बाहेर लाटांचा आवाज येत होता. नरपडला माझ्या खोलीतून समुद्र ऐकू येतो हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं होतं.

"सांगू का त्यांना?" मी विचारलं.

"सांग ना," काकू म्हणाल्या. "पुढच्या रविवारी सांग."

पुढच्या रविवारी मला सांगायचं धाडस झालं नाही. मी चमचा फेकून दिला आणि हाताने जेवायला लागले. काकांनी इंजिन जोडलं, तलासरीला जाऊन आले, आणि टिण् गेला. "टायमिंगची साखळी होती," त्यांनी गॅरेजवाल्यांना जाऊन सांगितलं. "एका केसाएवढी सैल. तुम्हाला नसतं कळलं." दोघांनी मान्य केलं. मीही केलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, आणि काकांची आठवण एक विक्षिप्त म्हातारा एवढीच राहिली असती. पण २०१८ च्या नोव्हेंबरात डहाणू-तलासरीकडची जमीन हलायला लागली.

एकदा हलून थांबली असती तर माणसं विसरली असती. ती आठवड्याआठवड्याला हलत राहिली. आधी जमिनीच्या पोटातून गुरगुर यायची, मग पत्रे वाजायचे, मग फळीवरची भांडी खाली. नरपडला आम्हाला कमी जाणवायचं. पूर्वेकडच्या गावांत भिंतींना भेगा गेल्या होत्या. लोक थंडीत अंगणात, शेतात, प्लॅस्टिकच्या मांडवाखाली राहायला लागले. स्वयंपाक बाहेर, निजणं बाहेर. घरात जायचं ते चोरासारखं, वस्तू उचलायची आणि बाहेर. सगळ्यांचे कान जमिनीला लागलेले. आवाज आला की पळायचं, एवढंच काय ते हातात होतं.

आणि या दिवसांत काका आपली दोन सिलिंडरची गाडी घेऊन पाड्यांवर फिरत होते.

आमच्या फेरीतला शेवटचा पाडा डोंगराच्या पायथ्याशी होता. डांबरी रस्ता फाट्यावर संपायचा, पुढे अर्धा कोस कच्ची वाट. डिसेंबरात आम्ही शेळ्यांना लस टोचायला तिथे गेलो. वळणावर पोचलो तर समोरून बाया, पोरं, म्हातारे, कोंबड्या घेतलेले, भाकरीचं पीठ हाताला लागलेले, सगळे घराबाहेर धावत येताना दिसले. काकांना वाटलं, आपल्याच स्वागताला. त्यांनी हात वर केला. लोकांनी गाडी पाहिली आणि एकेक जण मटकन खाली बसला. मग हसायला लागले. काकाही हसले. मला हसू आलं नाही, कारण एक बाई हसता हसता रडत होती.

दुसऱ्या खेपेला हसण्यासारखं काही उरलं नाही. लखमीआजी म्हणून एक म्हातारी होती, मुलगा काशिनाथबरोबर राहायची. ती शेळीचं पिल्लू घ्यायला घरात गेली होती. आमच्या इंजिनाचा आवाज आला. ती पिल्लू छातीशी धरून बाहेर पळाली, उंबऱ्याला अडखळली आणि पडली. पिल्लू सोडायचं नाही म्हणून सगळा भार एका हातावर घेतला. मनगट मोडलं.

आम्ही फाट्यावरून जीप मागवून तिला दवाखान्यात नेलं. गुरांच्या नव्हे, माणसांच्या. प्लास्टर घालून परत आणलं. काशिनाथने काकांना चहा दिला आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, तू ये. गाडी नको आणू."

त्यात राग नव्हता. पूर्वेकडच्या पाड्यांवर सगळ्यांना 'तू'च म्हणतात, साहेबालाही. पण घरी आल्यावर काका काकूंवर उखडले. "भूकंपाचा आवाज आणि माझ्या इंजिनाचा आवाज यात जमीनअस्मानाचं अंतर आहे! यांना ओळखू येत नाही हा माझा दोष?"

"नाही ना," काकू म्हणाल्या. "तुमचा कसा असेल. म्हातारीचा असेल."

तीन दिवस ते धुमसत राहिले. चौथ्या दिवशी ऑफिसात माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "मॅडम, मी लोकांना शिकवणार आहे."

"काय?"

"फरक."

मी नाही म्हणायला हवं होतं. साहेब म्हणून तो माझा अधिकार होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतकी कळकळ होती, आणि खरं तर इतकी भीती, की माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही.

एका दुपारी पाड्याच्या खळ्यावर माणसं जमली. काकांच्या शब्दाला मान होता. चार गावांतली अर्धी गुरं त्यांच्या हातून जन्मलेली. लखमीआजीही आली, हात गळ्यात बांधलेला. काकांनी गाडी तिच्याच घराच्या भिंतीशी, कौलांच्या वळचणीखाली उभी केली आणि बोलायला लागले.

"हे बघा. भूकंप खालून येतो. मी रस्त्याने येतो. भूकंप सांगून येत नाही. मी फाट्यापासून सांगत येतो. भूकंप दहा मोजेपर्यंत थांबतो. मी थांबत नाही."

लोक हसले. काकांना हुरूप आला. त्यांनी किक मारली, पहिल्याच किकला इंजिन धरलं, आणि टाकीवर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले. गाणं ऐकताना मिटतात तसे. "आता नीट ऐका! हा डावा! ऐकलात? हा उजवा!"

मी लोकांकडे बघत होते. लखमीआजी सगळ्यांच्या आधी उठली. तिने काही ऐकलं नव्हतं. तिच्या अनवाणी पायांना कळलं होतं. मग सगळा जमाव एकदम उठला आणि मागे, शेताच्या मधोमध सरकला. मी बसले होते तो लाकडी ओंडका माझ्याखाली थरथरला, तेव्हा मीही धावले. पळता पळता मी "काका!" म्हणून किंचाळले. माझं किंचाळणं मला स्वतःलाच ऐकू आलं नाही.

काकांनी एक डोळा उघडला, लोक पळताना पाहिले, आणि हात हलवून ओरडले, "अरे, भिऊ नका! हा माझाच आहे! हा माझाच!"

वळचणीची कौलं सरकायला लागली. पहिलं त्यांच्या पायाशी फुटलं, दुसरं मागच्या सीटवर. ते तरीही टाकीवर हात ठेवून उभे. काशिनाथ धावत गेला, त्यांची कॉलर पकडली आणि ओढलं. गाडी आडवी पडली आणि बंद झाली.

त्याबरोबर सगळ्यांना तो ऐकू आला. खालून येणारा, लांब, जड. ओसरत चाललेला, पण होता. काका मातीत बसून तो शेवटपर्यंत ऐकत राहिले. त्यांचं तोंड उघडं होतं. तो थांबल्यावर त्यांनी विचारलं, "कधीपासून होता हा?"

"तू डोळे मिटले तेव्हापासून," लखमीआजी म्हणाली.

कुणाला काही लागलं नव्हतं. दोन भिंतींच्या भेगा वाढल्या, एवढंच. चौघांनी गाडी उभी करून दिली. मला वाटलं, काका आता किक मारतील. त्यांनी हँडल धरलं आणि ती ढकलायला सुरुवात केली. दोनशे किलोच्या आसपासचं ते धूड, कच्ची वाट, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षाला टेकलेला माणूस. मी मागून हात लावला. फाट्यावर पोचेपर्यंत आम्ही तीनदा थांबलो. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा ते रुमालाने मान पुसत म्हणाले, "मॅडम, मला ऐकूच आलं नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मिळावं म्हणून मी चार वर्षं सकाळी सात वाजता उशी डोक्यावर घेऊन मनातल्या मनात भांडले होते. त्या दिवशी ऐकलं तेव्हा मी पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढे धरली.

"लोकांना भीती वाटते ते ठीक," ते पुढे म्हणाले. "भीती जाते. पण त्यांना जे ऐकायचं आहे, तेच माझ्या आवाजाने झाकलं जातं. पळायला तेवढाच वेळ असतो त्यांना. तो मी खातो."

त्या दिवसानंतर कुठल्याही पाड्यावर त्यांनी गाडी चालवत नेली नाही. फाट्यावर बंद करायची आणि ढकलत न्यायची, ढकलत आणायची. मी म्हटलं, "काका, फाट्यावर चिंचेखाली ठेवा ना. कोण नेतंय?"

"नाही. ती दिसली पाहिजे."

"कुणाला?"

"लोकांना. मी एकटा चालत गेलो, तर गाडी मागून कुठूनतरी येतेय असं वाटत राहील. कान तिकडेच राहतील. बंद आहे, हे डोळ्यांनी दिसलं की विषय संपला."

हे वेडेपण होतं की शहाणपण, ते मला आजही ठरवता येत नाही. पहिल्या आठवड्यात पाड्यावरची माणसं तोंडावर हात ठेवून हसली. मग चढावर कुणी ना कुणी हात लावायला लागलं. मग सोबत चालायला लागलं. आणि चालताना माणसं बोलतात. कुणाची गाय गाभडली, कुणाच्या शेळ्या खोकताहेत, कोण घराला कुलूप लावून वापीला कामाला गेलं, हे सगळं आम्हाला आता वाटेवरच कळायचं. पूर्वी आम्ही पाड्यात शिरायचो तेव्हा सगळे एकतर कानावर हात ठेवून उभे असायचे किंवा गुरं आवरत असायचे. काका दोन्ही हातांनी हँडल रेटत, धापा टाकत, मान वळवून ऐकायचे. मध्येच म्हणायचे, "थांब, थांब, पुन्हा सांग. खोकला कोरडा का ओला?"

गोठ्याच्या दाराशी इंजिन चालू ठेवणंही बंद झालं. गाई पूर्वीइतक्याच शांत उभ्या राहिल्या. हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही.

२०१९ च्या एप्रिलअखेर ते निवृत्त झाले. ऑफिसात शाल, नारळ, पेढे झाले. भाषणात मी त्यांच्या सेवाभावाबद्दल बोलले आणि स्टेथोस्कोपबद्दल बोलले नाही. सगळं आटोपल्यावर ते म्हणाले, "मॅडम, शेवटची फेरी मारून येऊ." आम्ही त्या पाड्यावर गेलो. फाट्यापासून ढकलत. तोवर धक्के विरळ झाले होते, थांबले नव्हते. माणसं अजून बाहेरच निजत होती, पण दुपारी घरात टेकायला लागली होती.

लखमीआजीने काकांना ताडगोळे खायला घातले. तिचं मनगट जुळलं होतं, जरा वाकडं. निघायच्या वेळी ती गाडीपाशी आली आणि चांगल्या हाताने सीटवर थाप मारून म्हणाली, "चालू कर."

"नको आजी."

"उद्यापासून तू येणार नाय. कर चालू. सांगून केली तर कशाला भिऊ?" आणि वळून तिने पाड्याला हाक दिली, "बाहेर या रे! भाऊ गाडी चालू करतो!"

सगळे बाहेर आले. घरात कुणी नाही याची काकांनी स्वतः फिरून खात्री केली. मग पेट्रोलचा नळ सोडला, गुदगुल्या केल्या, किक मारली. काही नाही. दहा किका झाल्या. वीस झाल्या. इतके महिने इथे फक्त ढकलत आणलेल्या त्या गाडीने नेमका आजच संप केला. काकांचा सदरा घामाने अंगाला चिकटला. सगळा पाडा गंभीर चेहऱ्याने, एखादी म्हैस अडली असावी तसा, बघत उभा.

"बस वर," काशिनाथ म्हणाला.

काका बसले. आठ-दहा जणांनी मागून गाडीला हात लावले. फाट्याकडे उतार होता. काकांनी गियर टाकला, क्लच दाबला, लोक ओरडत पळायला लागले, मीही त्यांच्यात होते, आणि अर्ध्या उतारावर काकांनी क्लच सोडला. गाडीने एक झटका खाल्ला. डावा बोलला. मग एक भयंकर खोकला, आणि उजवाही बोलला.

तो आवाज डोंगरावर आपटून परत आला. कोंबड्या उडाल्या, शेळ्या दाव्याला हिसके देऊ लागल्या. माणसं जागची हलली नाहीत. काकांनी एक हात वर केला, मागे न बघता, आणि ते फाट्याकडे, डांबरी रस्त्याकडे, वळणापलीकडे गेले. आवाज बराच वेळ येत राहिला. लोक तो पुरता संपेपर्यंत ऐकत उभे होते. मग लखमीआजीने माझ्याकडे पाहिलं.

"तुला नाय नेलं?"

तोवर हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

फाट्यापर्यंत चालत, तिथून दाटीवाटीच्या जीपने तलासरी, मग बस, मग बोर्डीहून रिक्षा असं करत मी नरपडला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. काका अंगणात फडक्याने गाडी पुसत होते. खांद्यावर ऑफिसातली शाल. काकू ओट्यावर शेवग्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. मी फाटकातून आत आले. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या सीटकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"पोरी, तू कुठून आलीस?"

"पाड्यावरून."

ते फडकं हातात धरून उभे राहिले. "अगं, मी पूर्ण वाट तुझ्याशी बोलत आलो! बंद पडेल म्हणून थांबलो नाही, पण बोलत होतो. विचारलं तुला, डावा नीट बोलतोय ना? उजवा मागे पडतोय का? तू एकदाही नाही म्हणाली नाहीस."

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी शेंगेची शीर ओढून काढली.

"साडेचार वर्षं ती मागे बसून हेच करत होती," त्या म्हणाल्या. "आज नुसती बसली नाही, एवढाच फरक."